काट्यावरचा आकडा

माझी माय आता पंच्याहत्तरीला आली आहे. तिला ऐकू कमी येते, पण मोजणे सुटलेले नाही. दुकानातून साखर आणली की ती पुडा हातावर तोलून पाहते. "कमी हाय रे," असे ती म्हणाली की बहुधा ते खरे निघते. मी पोटासाठी वजनकाटे दुरुस्त करतो आणि माझ्या घरातच असा एक काटा बसलेला आहे.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मी तीन दिवस घराबाहेर होतो. परत आलो तेव्हा मायने विचारले, "एवढे दिस कुठं व्हतास?"

"साखर कारखान्यावर. तिथल्या काट्यात कार्ड बसवत होतो."

"काट्यात कार्ड? रेशनचं का?"

घरातले सगळे हसले. मीही हसलो. मग तळहात पुढे करून मी तिला सांगितले की, एवढीशी हिरवी पट्टी असते, तिला नेटवर्क कार्ड म्हणतात, ती काट्याच्या यंत्रात बसवली की वजनाचा आकडा तारेने थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये जातो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मग त्यानं वजन खरं येतं का?"

वाचकहो, या कामात मला वीसपेक्षा जास्त वर्षे झाली आहेत. तरीही या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आम्ही बीड जिल्ह्यातले. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरे कुलपात जात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असे. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा तिकडचा हिशेब. बा आणि माय असे एक कोयता होते आणि मी त्या कोयत्याच्या पाठीमागे गाडीत बसून जाई. कारखान्याच्या आसपास माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. पहाटे अंधारात दोघे फडात जात. बा ऊस तोडी. माय मोळ्या बांधी, डोक्यावर वाहून आणी आणि दोघे मिळून गाडी भरत. मजुरी टनावर. म्हणजे हाताला कितीही फोड आले, तरी शेवटी काट्यावर जो आकडा पडेल तेवढीच त्या दिवसाची मेहनत.

त्या वेळी तिथला काटा दांडीचा होता. बैलगाडी फलाटावर उभी राही आणि खिडकीआड बसलेला बाबू दांडीवरचे वजन सरकवी. दांडी फक्त त्याला दिसे. बाहेर यायची ती पावती. बा निरक्षर होता. तो पावती माझ्या हातात देई आणि म्हणे, "वाच." मी तेव्हा दुसरीत होतो, तोही निम्माच, कारण दिवाळीनंतरची शाळा मला कधी मिळालीच नव्हती. अडखळत मी वाचत असे, "एक टन सहाशे ऐंशी."

माय लगेच म्हणे, "एकशे धा मोळ्या व्हत्या. दोन टनाला कमी न्हाई."

तिचा हिशेब बरोबर होता की पावती बरोबर होती? मोळी कधी जाड, कधी बारीक; ऊस कधी रसरशीत, कधी चार दिवसांचा वाळलेला. बाबूने मुद्दाम कमी लिहिले, असे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लिहिले नाही, असेही सांगू शकत नाही. 'काटा मारणे' हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. पण तो मारला की नाही हे ठरवण्याचे साधन आमच्या हातात नव्हते, हे दुःख मोठे होते.

एकदा बा धीर करून खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, आकडा दावा की जरा."

आतून उत्तर आले, "तुला वाचता येतो का?"

रांगेतले चार जण हसले. बा काही न बोलता बैलांकडे परत आला. त्या रात्री कोपीत तो मला एवढेच म्हणाला, "तू आकडं शीक."

पुढे त्याने मला फडावर नेणे बंद केले. वसतिगृहात राहून मी दहावी झालो आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केला. वजनकाटे दुरुस्तीचा सरकारी परवाना असलेल्या एका छोट्या फर्ममध्ये हेल्पर म्हणून लागलो, तो आजपर्यंत तिथेच आहे. बा आता नाही.

आता काट्याचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

ट्रकचा काटा म्हणजे जमिनीतला मोठा फलाट. त्याच्याखाली लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा आणि त्याला चिकटवलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या पट्ट्या. वर भार आला की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका दबतो, पट्टीतली तार ताणली जाते किंवा आकसते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. या पट्ट्या ज्या पद्धतीने जोडतात तिला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. बारावी सायन्सच्या मुलांना तो पाठ असतो. त्या कारखान्याचा काटा ६० टनांचा, खाली ३० टनांचे ६ लोडसेल. त्यांना १० व्होल्ट दिले जातात. काट्यावर १० किलो वजन वाढले तर परत येणाऱ्या विजेत फरक पडतो तो एका व्होल्टच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढा. एवढ्या नाजूक फरकाचा आकडा करून दाखवते ती काटाघरातली पेटी. तिला आम्ही इंडिकेटर म्हणतो.

इंडिकेटरपर्यंत आकडा माणसाच्या हाताविना येतो. खरा प्रश्न त्याच्यापुढे असतो.

या कारखान्यात पूर्वी इंडिकेटरपासून कॉम्प्युटरला एक जुन्या पद्धतीची तार होती. तिला आरएस-२३२ म्हणतात. ती १५ मीटरच्या आसपास नीट चालते. ऑफिस होते ८० मीटरवर. कोणीतरी तीच तार ओढून तिथपर्यंत नेली होती. आकडे अर्धवट पोहोचू लागले, म्हणून ती बंदच केली. तेव्हापासून काटा क्लार्क इंडिकेटरवर पाहून हाताने आकडा टाइप करी. रात्रपाळी, बाहेर गाड्यांची रांग, भोंग्यांचा आवाज आणि डोळ्यांवर झोप. १८,४६० चे १८,६४० होणार किंवा १४,८६० होणार. यात लबाडीच असते असे नाही. पण एक गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. चूक शेतकऱ्याच्या किंवा तोडणी मजुराच्या फायद्याची झाली तर ती आठवड्यात सापडते. त्याच्या तोट्याची झाली तर ती कोणी शोधत नाही.

तक्रारी वाढल्या तेव्हा व्यवस्थापनाने ठरवले की इंडिकेटरमध्ये नेटवर्क कार्ड बसवायचे, आकडा थेट ऑफिसच्या सर्व्हरवर न्यायचा आणि तोच आकडा काट्याबाहेर मोठ्या अक्षरांत दाखवायचा. हा निर्णय चांगला होता, हे मी आवर्जून सांगतो.

३० ऑक्टोबरला मी आणि एक हेल्पर पोरगा तिथे पोहोचलो. १ नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू होणार होता.

कार्ड बसवणे हे काम पाहायला गेले तर अर्ध्या तासाचे. पण त्याआधी बरेच करावे लागते. प्रथम काट्याचे शून्य पाहून लिहिले. रिकामा ट्रॅक्टर चढवून त्याचे वजन लिहिले. इंडिकेटरमधली सगळी सेटिंग वहीत उतरवून घेतली. मग स्विच बंद करून प्लगही काढला, कारण नुसत्या स्विचवर विश्वास ठेवून हात भाजलेले लोक मी पाहिले आहेत. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवत नाही, पण कार्डावरची चिप तेवढ्यानेही मरते.

इंडिकेटरच्या स्क्रूंमधून तार ओवून शिशाचे सील मारलेले होते. ते वैध मापन शास्त्र निरीक्षकाचे सील. पूर्वी ज्यांना वजने-मापे निरीक्षक म्हणत, तेच हे. ते तोडल्याशिवाय झाकण उघडत नाही. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याला ते तोडता येते, पण दुरुस्तीनंतर फेरपडताळणी होऊन नवे सील लागेपर्यंत त्या काट्यावर व्यवहार करता येत नाही. मी काटाघरातल्या रजिस्टरमध्ये तारीख-वेळ घालून लिहिले, "सील तोडले आहे. पडताळणी होईपर्यंत काटा वापरू नये." क्लार्कची सही घेतली आणि मगच तार कापली.

आत मदरबोर्डावर कार्डासाठी मोकळा स्लॉट होता. मागची कोरी पट्टी काढली, कार्ड कडेला धरून सरळ दाबले, स्क्रू आवळले. नेटवर्कची केबल लोडसेलच्या केबलपासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवून वेगळ्या पाइपातून नेली. दहा लाखाव्या भागाचा हिशेब जिथे चालतो, तिथे शेजारून मोटरची तार गेली तरी आकडा नाचतो. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे ८० मीटरला अडचण नव्हती. वीज दिली आणि कार्डावरचा हिरवा दिवा लागला. पोराने टाळी वाजवली.

दिवा लागला म्हणजे काम झाले, असे मात्र नसते. दोन फजित्या पुढे होत्या. त्यातली एक माझी स्वतःची.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करील? तसेच इथे होते. मी एक पत्ता निवडला, तो मोकळा आहे का हे कॉम्प्युटरवरून तपासले, उत्तर आले नाही, म्हणून तोच इंडिकेटरला दिला. आकडे ऑफिसात दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मधूनच गायब होऊ लागले. दोन तास मी केबल तपासली, टोके पुन्हा चेपली, कार्ड सदोष आहे असे फोनवर सांगूनही टाकले. शेवटी समजले की गेटवरच्या हजेरीच्या मशीनला तोच पत्ता होता. रंगकामासाठी ते मशीन बंद ठेवले होते आणि सकाळी चालू केले. कार्डाचा काही दोष नव्हता. ज्यांच्याकडे नेटवर्कची यादी होती त्यांना मी आधी विचारायला हवे होते. मी वेगळा पत्ता दिला, तो यादीत लिहायला लावला आणि ज्यांना कार्ड खराब म्हणून सांगितले होते त्यांना फोन करून चूक कबूल केली.

दुसरी फजिती याहून गंभीर होती. मुरूम भरलेला ट्रॅक्टर चढवून आम्ही चाचणी घेतली. इंडिकेटरवर आकडा स्थिर झाला ११,४८० किलो. सर्व्हरमध्ये नोंद झाली ११,३२०. एकशे साठ किलोंचा फरक! ट्रॅक्टर थांबला तरी फलाट क्षणभर हलत असतो आणि आकडा वर-खाली होतो. इंडिकेटर प्रत्येक आकड्याबरोबर तो स्थिर आहे की हलता, याचीही खूण पाठवत असतो. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ती खूण वाचतच नव्हता. बटण दाबताच हाती लागेल तो आकडा तो उचलत होता. तार बरोबर, कार्ड बरोबर, माणसाचा हात कुठे लागला नाही, आणि तरीही वजन खोटे! प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला फोन केला, त्याने संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. मग आम्ही तोच ट्रॅक्टर दहा वेळा चढवला-उतरवला. दहाही वेळा दोन्हीकडे एकच आकडा आला, तेव्हा मला जेवण गेले.

त्याच संध्याकाळी शेती विभागाचे एक अधिकारी काटाघरात आले. फेरपडताळणीचा अर्ज त्यांच्याकडून उशिरा गेला होता आणि निरीक्षक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येणार होते. सकाळी सहापासून गाड्या यायच्या होत्या. दुसरा काटा चालू होता, पण एकाच काट्यावर रांग लांबणार हे उघड होते.

"मिस्त्री, सकाळी काटा चालू करा. सील दुपारी लागेलच."

"नाही करता येणार, साहेब."

"अहो, तुम्हीच काल म्हणालात ना, कार्डानं वजनात फरक पडत नाही?"

हे मी म्हटले होते आणि ते खरेही होते. क्षणभर मला उत्तर सुचले नाही. वार्षिक देखभालीचे काम आमच्या फर्मकडे होते, ते जाईल ही भीती होती. पोरगा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग मी म्हणालो, "साहेब, फरक पडत नाही हे मला माहीत आहे. बाहेर गाडीवर बसलेल्या माणसाला ते कसं कळायचं? त्याच्यासाठी ते सील आहे."

ते चिडले. त्यांनी आमच्या मालकांना फोन लावला. मालकांनी मला फोनवर घेतले आणि म्हणाले, "वाद घालू नको. पण काटा बंदच ठेव. परवाना माझ्या नावावर आहे." फलाटाच्या दोन्ही तोंडांना आम्ही साखळी लावली.

सकाळी रांग लागलीच. एका ट्रॅक्टरवाल्याने मला चार शिव्या दिल्या, "तुमच्या कार्डापायी आमची खेप बुडाली." त्याचा राग खोटा नव्हता. त्याच्या ट्रॉलीत उसावर एक बाई आणि दोन पोरे बसली होती. उन्हाने ती पोरे कोमेजली होती. त्यांना मी काय समजावणार? मी साखळीजवळ उभा राहिलो.

अकराच्या सुमारास निरीक्षक आले. कारखान्यात २० किलोची ५० तपासणी वजने होती, म्हणजे १ टन. ती फलाटाच्या एकेका कोपऱ्यावर आणि मध्यावर रचून पाहिली. मग भरलेली गाडी चढवून वरच्या वजनाची तपासणी केली. १०-१० किलोने मोजणाऱ्या अशा काट्याला पडताळणीच्या वेळी ५ टनांपर्यंत ५ किलो, त्यापुढे २० टनांपर्यंत १० किलो आणि त्याहून जास्त वजनाला १५ किलो एवढाच फरक चालतो. आमचा काटा त्या मर्यादेत बसला. नवे सील लागले, प्रमाणपत्र भिंतीवर आले. दोन वाजता साखळी काढली. पहिली गाडी चढली आणि बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर लाल आकडा उमटला. त्याच सकाळच्या ट्रॉलीतली पोरगी मोठ्याने एकेक अंक वाचू लागली. खिडकीआड काय लिहिले जाते, हे विचारायची तिला गरज पडली नाही. मला बा आठवला.

आता मायच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कार्डाने वजन खरे येत नाही. काटा जो आकडा देईल तो कार्ड जसाच्या तसा पुढे नेते, एवढेच त्याचे काम. काट्याखाली चिखल-दगड अडकला असेल, शून्य चुकीचे असेल, तर कार्ड ते खोटे वजनही तितक्याच इमानदारीने पोहोचवील. काटा नेटवर्कवर आला की नवा दरवाजा उघडतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून त्याचे नेटवर्क इंटरनेटपासून वेगळे ठेवावे लागते आणि वजनाची मूळ सेटिंग बदलण्याची कळ सीलच्या आत बंद असावी लागते. पण आकडा आणि पावती यांच्यामध्ये जो हात होता, तो या कार्डामुळे निघून जातो. एका खिडकीपुरता का होईना, अंधार कमी होतो.

बाकीचे काम आपल्याला करायचे आहे. ऊस असो, कापूस असो, सोयाबीन असो की भंगार, आपला माल काट्यावर गेला तर एवढे पाहा. गाडी चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे का? सगळी चाके फलाटावर आली आहेत का? आकडा स्थिर झाल्यावरच पावती निघाली का? पावतीवर तोच आकडा आहे का? भिंतीवर पडताळणीचे प्रमाणपत्र लावले आहे का आणि त्याची तारीख एका वर्षाच्या आतली आहे का? वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ चा, तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. ट्रकच्या काट्याची दर १२ महिन्यांनी पडताळणी करून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दिसेल अशा ठिकाणी लावावे लागते. ते पाहायला मागणे हा उद्धटपणा नाही. शंका असेल तर त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. हंगामात भरारी पथकेही फिरत असतात.

आणि घरातल्या लेकराला पावती वाचायला लावा. मुलगी असेल तर तिला आधी.

हे सगळे मी मायला जरा मोठ्याने, समजेल अशा भाषेत सांगितले. साखळीची गोष्ट तिने पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "तुझ्या बाला त्या दिशी कुणी हसायला नको व्हतं."

मी म्हणालो, "व्हय."

थोड्या वेळाने तिने विचारले, "आन् ती बाई? तिच्या गाडीत मोळ्या किती व्हत्या?"

ते मात्र मी मोजले नव्हते.